दीड हजाराची गाडी, चार हजारांचे इंजिन

ब्रिटनमध्ये जुनी माझदा आरएक्स-८ आज साधारण १,५०० पौंडांपासून मिळते. तिचे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधायचा खर्च ४,००० पौंडांच्या आसपास जातो. एका पौंडाला ११५ रुपये धरले, तर गाडी १ लाख ७२ हजारांची आणि इंजिनाचे काम ४ लाख ६० हजारांचे. दुरुस्ती खरेदीच्या २६७ टक्के आहे.

हे गुणोत्तर सेकंडहँड स्पोर्ट्स कारच्या बाजारातही वेगळे उठून दिसते. जुन्या गाडीला मोठे काम निघणे नवे नाही, पण बहुतेक गाड्यांत त्या कामाचा आकडा गाडीच्या किमतीच्या आत राहतो. आरएक्स-८ मध्ये तो किमतीच्या अडीचपटीपुढे जातो, आणि हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. म्हणजे १,५०० पौंड ही सूट नव्हे. विकणाऱ्याने इंजिनाच्या खर्चाचा काही भाग आधीच वजा करून ठेवला आहे. तो किती वजा केला आहे आणि किती तुमच्यावर सोडला आहे, एवढाच हिशोब उरतो.

आधी गाडीची ओळख. आरएक्स-८ चे उत्पादन २००३ मध्ये सुरू झाले आणि जून २०१२ मध्ये थांबले. एकूण १,९२,०९४ गाड्या बाहेर पडल्या. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. आपल्याकडे माझदा हे नाव लोकांना आठवते ते स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्या आणि शाळेच्या बसगाड्यांमुळे. कोणी परदेशातून जुनी आरएक्स-८ आणायचा विचार करत असेल, तर तोही मार्ग बंद आहे. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून ३ वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते, आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. सगळ्यात तरुण आरएक्स-८ सुद्धा २०१५ मध्येच या नियमाबाहेर गेली. त्यामुळे हा हिशोब ज्या मराठी माणसाच्या कामाचा आहे, तो स्लाऊ, लेस्टर किंवा बर्मिंगहॅममध्ये राहतो. त्याचे ऑफिस आठवड्यातून तीन दिवस घरूनच चालते, आणि त्याला रविवारी चालवायला काहीतरी हवे आहे. पुढचा खर्चाचा हिशोब पौंडांत आहे तो म्हणूनच.

इंजिनाचे नाव रेनेसिस. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. कडा किंचित फुगलेले दोन त्रिकोणी रोटर आपापल्या हाउसिंगमध्ये फिरतात. प्रत्येक रोटरच्या तीन बाजू म्हणजे तीन कक्ष. एका कक्षाचे माप ६५४ घनसेंटिमीटर. कंपनी दोन रोटरांचा एकेक कक्ष मोजते आणि १,३०८, म्हणजे १.३ लिटर, असे लिहिते. जपानचा वाहनकर या आकड्याला दीडने गुणतो, तेव्हा तो १,९६२ होतो. २००३ मध्ये ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताब याच इंजिनाला मिळाला, आणि परीक्षकांनी ते अडीच ते तीन लिटरच्या गटात बसवले होते. एकच इंजिन, तीन मापे. रोटर ज्याला फिरवतात त्या शाफ्टच्या दोन फेऱ्यांत चार वेळा ६५४ जळते, म्हणजे २,६१६. साध्या चार-स्ट्रोक इंजिनाशी तुलना करायची तर परीक्षकांचा आकडा सगळ्यात जवळचा. पेट्रोल पंपावरही तोच खरा ठरतो.

जपानमध्ये या दीडपटीची किंमत येनमध्ये दिसते. ऑक्टोबर २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांना दीड ते दोन लिटरच्या गटात वर्षाला ३९,५०० येन कर आहे, एक ते दीड लिटरच्या गटात ३४,५००. गाडीला १३ वर्षे झाली की पेट्रोल गाड्यांचा कर सुमारे १५ टक्क्यांनी वाढून ३९,५०० चे ४५,४०० होतात. २०१२ च्या शेवटच्या आरएक्स-८ लाही २०२५ मध्ये १३ वर्षे पूर्ण झाली.

आता बिघाडाकडे. दोन रोटरांत मिळून ६ एपेक्स सील, १२ साइड सील आणि १२ कॉर्नर सील असतात. एकूण ३० पट्ट्या आणि गुंड्या, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे कक्षातला दाब, धरून ठेवायचे काम याच तिसांचे. शाफ्ट मिनिटाला ९,००० फेरे घेतो तेव्हा रोटर त्याच्या एक तृतीयांश वेगाने, म्हणजे ३,००० फेऱ्यांनी फिरतो. प्रत्येक रोटर शाफ्टच्या एका फेऱ्यात एकदा पेट घेतो, म्हणजे मिनिटाला १८,००० स्फोट. एपेक्स सील रोटरच्या टोकावर स्प्रिंगच्या जोरावर बसलेले असते आणि हाउसिंगच्या भिंतीला घासत जाते. १९६० च्या दशकात माझदाच्या पहिल्या रोटरी इंजिनांत या घासण्याने भिंतीवर लाटांसारखे चरे उठत, आणि तिथले इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. ते ओरखडे कंपनीने सोडवले. झीज मात्र सोडवता येत नाही, ती फक्त लांबवता येते.

लांबवायचे साधन तेल. रेनेसिस मुद्दाम तेल खाते. एक छोटा पंप हाउसिंगमध्ये तेलाचे थेंब सोडतो, ते सीलना ओले ठेवतात आणि पेट्रोलबरोबर जळून जातात. पहिल्या मालिकेत प्रत्येक रोटरला दोन नोझल होते. २००९ च्या सुधारित मालिकेत मधोमध तिसरे आले. दोनावरून तीन ही ५० टक्के वाढ. पहिल्या मालिकेत तेल कमी पडत होते असे कंपनीने कुठे जाहिरातीत छापले नाही, पण नोझलांची संख्या तेच सांगते.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या मॉडेलांना इंजिनाच्या गाभ्यापुरती वॉरंटी कंपनीने ८ वर्षे किंवा १ लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६१ हजार किलोमीटर, इतकी वाढवली. कंपनी अशी मुदत उगाच वाढवत नाही. वाढीव मुदतीत बदललेले प्रत्येक इंजिन तिच्या खात्यातून जाते. २००८ च्या मॉडेलांतली शेवटची गाडी २००९ मध्ये विकली गेली असे धरले तरी ही मुदत २०१७ मध्ये संपली. आज बाजारात फिरणाऱ्या गाड्यांच्या मागे मालकाचे पाकीट सोडून कोणी उभे नाही.

याच गाडीच्या वाट्याला एक जुना आकड्यांचा वादही आहे. २००३ मध्ये अमेरिकेत तिची ताकद २४७ अश्वशक्ती जाहीर झाली आणि नंतर ती २३८ वर आणावी लागली. घट ३.६ टक्के. कंपनीने ग्राहकांना दोन पर्याय दिले. गाडी परत द्या, नाहीतर ५०० डॉलर आणि वॉरंटीच्या काळातली ठरलेली सर्व्हिस फुकट घ्या. साडेतीन टक्क्यांच्या घटीवर गाडी परत घ्यायची तयारी दाखवणारी कंपनी आणि कॉम्प्रेशन गेल्यावर इंजिन बदलून देणारी कंपनी एकच. यावरून तिच्या हेतूबद्दल काहीही म्हणता येईल. इंजिनाबद्दल मात्र दोन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात.

कॉम्प्रेशन गेलेली आरएक्स-८ ओळखायची खूण विचित्र आहे. सकाळी थंड असताना ती बिनतक्रार सुरू होते. वीस मिनिटे चालवून पेट्रोल पंपावर बंद केली की पुन्हा पेटत नाही. गरम तेल पातळ होते, सीलच्या फटी झाकत नाही, आणि मूळची गळती उघडी पडते. म्हणून ज्याला गाडी विकायची आहे तो तुम्ही येण्याआधी ती गरम करून ठेवत नाही. साध्या गाडीत उलट असते. तिथे गरम बोनेटचा संशय घ्यायचा, इथे थंड बोनेटचा.

पण खुणेवर ४,००० पौंड लावायचे नसतात. त्यासाठी मोजमाप आहे, आणि माझदाने त्याचे आकडे ठरवून दिले आहेत. स्टार्टर मिनिटाला २५० फेऱ्यांनी फिरत असताना प्रत्येक कक्षात ८३० किलोपास्कल दाब हे प्रमाण. ६८० ही किमान मर्यादा. एकाच रोटरच्या तीन कक्षांत १५० पेक्षा जास्त फरक नको, आणि दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा जास्त नको. प्रमाणापासून किमानापर्यंतचे अंतर १५० किलोपास्कल, म्हणजे १८ टक्के. या इंजिनाचे सगळे आयुष्य या १८ टक्क्यांत मावते.

तपासणी पंधरा-वीस मिनिटांची आहे. इंजिन गरम करतात, बॅटरी पूर्ण चार्ज असल्याची खात्री करतात. इंधन आणि ठिणगी बंद करून एका रोटरचा प्लग काढतात, त्या जागी यंत्राची नळी बसवतात, अॅक्सिलरेटर तळाला दाबून धरतात आणि पाच-सात सेकंद स्टार्टर मारतात. चांगल्या रोटरचा आवाज एकसारखा येतो, फस-फस-फस, तिन्ही समान वजनाचे. एका कक्षाचे सील गेले असेल तर तिसरा ठोका पोकळ पडतो, लंगड्या माणसाच्या चालण्यासारखा. सरावलेला मेस्त्री यंत्राकडे न पाहता तो ओळखतो. पण कागदावर लिहायचे तर आकडाच लागतो.

इथे एक फसगत आहे आणि ती फार होते. साध्या पिस्टन इंजिनाच्या कॉम्प्रेशन गेजमध्ये एकमार्गी झडप असते. ती सगळ्यात मोठा आकडा पकडून ठेवते. रोटरला तीन कक्ष आहेत, पण हा गेज त्यांतल्या सगळ्यात तब्येतीच्या कक्षाचा आकडा दाखवतो आणि बाकीचे दोन लपवतो. दोन रोटरांचे मिळून दोन आकडे येतात, दोन्ही छान. हवे आहेत सहा. झडप काढून तोच गेज लावला, तर काटा दर ठोक्याला वर-खाली होतो, आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रित करून तीन आकडे अंदाजे वाचता येतात. तेवढ्याने इंजिन विकत घ्यायचे नाही. पण घ्यायचे नाही हे ठरवायला तेवढे पुरते.

सहा आकडे कसे वाचायचे, ते एका कल्पित कागदावर पाहू. पुढचा रोटर ७६०, ७४०, ७५०. मागचा ६९०, ६५०, ७००. पुढच्याची सरासरी ७५०, मागच्याची ६८०. रोटरमधला फरक ७०, मर्यादेच्या आत. मागच्याच्या तीन कक्षांत जास्तीत जास्त फरक ५०, तोही आत. तीन कसोट्यांपैकी दोन पास. पण ६५० हा एक आकडा किमान मर्यादेच्या ३० खाली आहे, आणि तेवढ्याने इंजिन नापास होते. विकणारा बहुधा सरासरी सांगेल, मागचा रोटर ६८० वर आहे, बरोबर मर्यादेवर. अंकगणित त्याचे बरोबर आहे. फक्त कंपनीची मर्यादा सरासरीला नाही, प्रत्येक कक्षाला आहे.

आणखी एक रकाना बघायचा. स्टार्टरचा वेग. सगळे आकडे २५० फेऱ्यांसाठी आहेत. जुना स्टार्टर २०० नेच फिरवत असेल, तर चांगले इंजिनही कमी दाब दाखवते. माझदाने पुढे जास्त वेगाचा स्टार्टर दिला तो या दुखण्यासाठीच. त्यातही गंमत आहे. वेगवान स्टार्टर थकलेल्या इंजिनालाही सुरू करून देतो, म्हणजे खूण पुसतो, आजार नाही. उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवरच्या डेन्व्हरमधला कागद आणि लंडनमधला कागद शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. दोन्ही दुरुस्त करून घ्यावे लागतात.

ही तपासणी १०० पौंडांत होते असे धरू. ४,००० पौंडांच्या कामापुढे ती अडीच टक्के. म्हणजे चाळीस गाड्यांपैकी एकीचे जरी इंजिन खराब निघणार असेल, तरी तपासणीचे पैसे वसूल होतात. या गाड्यांत प्रमाण चाळीसात एकापेक्षा बरेच जास्त आहे, हे वॉरंटीच्या आकड्यावरून कळायला हरकत नाही.

आता पाच वर्षांचा पूर्ण हिशोब मांडू. गृहीतके उघड ठेवतो, वाचकाने आपली घालावीत. गाडी २,५०० पौंडांना घेतली. पाच वर्षांत ४०,००० किलोमीटर. लिटरला ७ किलोमीटर, जे या गाडीला रोजच्या वापरात सामान्य आहे. पेट्रोल १.३५ पौंड लिटर. इंजिनाचे काम एकदा, ४,००० पौंड. प्लग आणि कॉइल यांचा एक संच २५० पौंड. वरून घालायचे तेल दर २,००० किलोमीटरला एक लिटर, म्हणजे २० लिटर, ७ पौंड दराने १४० पौंड. विमा, टायर आणि नेहमीची सर्व्हिस बाहेर ठेवली आहे, कारण ती कुठल्याही गाडीला लागतेच.

पेट्रोल ७,७१४ पौंड. इंजिन ४,०००. रस्ता-कर ३,८००, त्याचा तपशील पुढे येतो. खरेदी २,५००. प्लग-कॉइल २५०. तेल १४०. एकूण १८,४०४ पौंड, म्हणजे २१ लाख १६ हजार रुपये.

यात पेट्रोलचा वाटा ४१.९ टक्के, इंजिनाचा २१.७, कराचा २०.६, आणि जाहिरातीत ठळक छापलेल्या किमतीचा १३.६ टक्के. ज्या आकड्यावर माणूस दोन आठवडे घासाघीस करतो, तो एकूण खर्चाचा सातवा हिस्साही नाही. ज्या आकड्याची भीती घालून या गाडीची बदनामी होते, तो पेट्रोलच्या जवळपास निम्मा आहे. इंजिन एकदाच चार हजार मागते म्हणून लक्षात राहते. पंप दर आठवड्याला तीस मागतो, ते लक्षात राहत नाही.

किलोमीटरला खर्च ४६ पेन्स, म्हणजे सुमारे ५३ रुपये. इंजिनाचे काम निघालेच नाही, तर ३६ पेन्स, सुमारे ४१ रुपये. फरक किलोमीटरमागे १० पेन्स. दुरुस्तीच्या भीतीची खरी किंमत इतकी आहे.

कराचा आकडा स्वतंत्र पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये मार्च २००१ ते मार्च २०१७ दरम्यान नोंदवलेल्या गाड्यांचा कर कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. आरएक्स-८ च्या सगळ्या आवृत्त्या किलोमीटरला २५५ ग्रॅमच्या वर आहेत, म्हणजे सगळ्यात वरच्या एम गटात. २०२५-२६ मध्ये या गटाचा दर ७६० पौंड, आदल्या वर्षी ७३५. वाढ ३.४ टक्के. पण २३ मार्च २००६ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांना के गटाची कमाल मर्यादा आहे. तो दर ४३० पौंड, आदल्या वर्षी ४१५.

गाडी तीच, इंजिन तेच, धूर तोच. २२ मार्च २००६ रोजी नोंदवली असेल तर ४३०, २३ मार्चला नोंदवली असेल तर ७६०. एका दिवसासाठी वर्षाला ३३० पौंड, म्हणजे ७७ टक्के जास्त. पाच वर्षांत हा फरक १,६५० पौंड होतो. सुरुवातीला ज्या १,५०० पौंडांच्या गाडीचे उदाहरण दिले, तिच्या किमतीपेक्षा हा फरक १५० पौंडांनी जास्त आहे. आणि एम गटातल्या गाडीचा पाच वर्षांचा पूर्ण कर, ३,८०० पौंड, म्हणजे इंजिन बांधायला लागणाऱ्या रकमेच्या ९५ टक्के. मार्च २००६ नंतरच्या आरएक्स-८ चा मालक दर पाच वर्षांनी जवळपास एक इंजिन सरकारला देतो. त्याबद्दल गॅरेजवाल्याला कोणी शिव्या देत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. लंडनमध्ये कमी प्रदूषणाच्या क्षेत्रात नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड द्यावे लागतात. पेट्रोल गाडीसाठी तिथली कसोटी युरो-४ आहे, आणि आरएक्स-८ युरो-४ आहे. त्यामुळे कार्बनच्या हिशोबात देशातल्या सगळ्यात महाग गटात बसणारी ही गाडी लंडनच्या मध्यभागी या शुल्कापुरती फुकट फिरते. एक नियम कार्बन मोजतो, दुसरा नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कण. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. आरएक्स-८ ची पुढची पायरी मात्र चुकली. युरो-५ मध्ये बसली नाही म्हणून २०१० मध्ये तिची युरोपातली विक्री थांबली.

करातून इंजिनाच्या कामाला एक छोटी मदत मिळते. गाडी रस्त्यावर नाही असे कळवले की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो. एम गटात महिन्याला ६३ पौंड. इंजिन उघडून गाडी दोन महिने गॅरेजमध्ये पडून राहिली, तर १२६ पौंड वाचतात. तपासणीचे शंभर निघून वर २६ उरले. फार लोक हे कळवत नाहीत, कारण गाडी आठवड्यात तयार होईल असे मेस्त्रीने सांगितलेले असते.

मग आजारी गाडी स्वस्तात घेऊन इंजिन बांधायचे, की जास्त पैसे देऊन चांगल्या इंजिनाची घ्यायची? समजा आजारी गाडी १,५०० ला आणि सहाही आकडे ७५० च्या वर असलेली गाडी ३,५०० ला मिळते. फरक २,०००, म्हणजे दुरुस्तीच्या निम्मा. बाजाराने ४,००० चा खड्डा दाखवून २,००० च कमी केले आहेत. आजारी गाडी घेऊन बांधली तर हातात ५,५०० पौंडांची गाडी आली, जी बाजारात ३,५०० ला मिळते. दोन हजार गेले. विकायच्या हेतूने हे काम करणारा प्रत्येक वेळी हरतो. ज्याला गाडी दहा वर्षे ठेवायची आहे, त्याच्यासाठी दोन हजार दहा वर्षांत वाटले जातात, वर्षाला २०० पौंड, आणि त्या बदल्यात त्याला सीलच्या जन्मतारखेची पावती मिळते. माझा कल पहिल्यापेक्षा दुसऱ्या गाडीकडे आहे, पण दहा वर्षांवाल्याशी मी वाद घालणार नाही.

बाजार अर्धेच का कमी करतो, याचेही उत्तर आकड्यात आहे. आजारी गाडीचा मालक ती भंगारातही देऊ शकतो, आणि दरवाजे, सीट, चाके, गिअरबॉक्स सुटे विकू शकतो. किंमत त्याखाली जात नाही. चांगल्या गाडीच्या ३,५०० मधून ४,००० वजा केले तर उणे ५०० येते, पण उणे किमतीला गाडी कोणी विकत नाही. किंमत जेवढी खाली जायला हवी होती आणि गेली नाही, तेवढे खरेदीदाराच्या माथी येते.

आता पाच वर्षांच्या हिशोबातला सगळ्यात लहान आकडा. तेल, १४० पौंड, ०.८ टक्के. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून बघायची, लागेल तेवढे तेल घालायचे. गाडी वीस वर्षांची होते तोवर तिला पाच-सहा मालक झालेले असतात. त्यांपैकी एकानेही सहा महिने डिपस्टिक काढली नाही, तर त्याचे बिल पुढच्या मालकाला येते. कॉइलचेही तसेच. गाडीत चार कॉइल, चार प्लग. एक कॉइल मेली की पेट्रोल न जळता पुढे जाते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो, तुंबतो, उष्णता मागे इंजिनात कोंडते. २५० पौंडांचा संच वेळेवर बदलला नाही तर तो चार हजारांच्या वाटेवर नेतो. त्या हिशोबाच्या तळाच्या दोन ओळी मिळून २.१ टक्के आहेत, आणि २१.७ टक्क्यांची ओळ येईल की नाही ते बहुतांशी त्याच ठरवतात.

मालकांमध्ये आणखी एक सल्ला रूढ आहे, रोज एकदा ९,००० पर्यंत न्या. ऐकायला उनाडपणा वाटतो, पण कारण आहे. रेनेसिसमध्ये धूर बाहेर जायची वाट बाजूच्या भिंतीत आहे. तिथे काजळी साचते आणि साइड सील खाचेत अडकतात. वेग आणि उष्णता ती काजळी सैल करतात. बाजारहाटापुरती, दोन-दोन किलोमीटर हळू चालवलेली गाडी कागदावर कमी चाललेली दिसते, ६०,००० किलोमीटर, एकच मालक. अशा गाडीचे सहा आकडे १ लाख २० हजार चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकतात. ओडोमीटरचा आकडा इथे कमी बोलतो. शिवाय थंड इंजिन सुरू करून गाडी दारातून फक्त आत घेतली आणि लगेच बंद केली, तर आत पेट्रोल साचते आणि पुढच्या वेळी ती पेटत नाही. त्यावर उपाय फुकट आहे. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, म्हणजे इंधन बंद होते आणि आतले बाहेर निघते. याच कारणाने इंजिन गेले असे समजून काही गाड्या विकल्या जातात. अशी एखादी हाती लागली, तर बाजाराचा हिशोब तुमच्या बाजूने चुकलेला असतो.

तेव्हा जाहिरात पाहून फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न किंमत किंवा किलोमीटरचा नको. नोंदणीची तारीख विचारा, ती २३ मार्च २००६ च्या अलीकडची की पलीकडची ते बघा. मग कॉम्प्रेशनचा कागद मागा. त्यावर दोनच आकडे असतील, किंवा सहा असून स्टार्टरचा वेग लिहिलेला नसेल, तर तपासणी पुन्हा करून घ्या, शंभर पौंड तुमचे. विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर तुम्हाला हवा असलेला आकडा फुकटात मिळाला.